मँटल-ॲरनचं एक कार्ड, सहाशे डॉलर आणि एक हट्टी नियम

प्रकरण असं आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहणारा माझा एक मित्र, मूळचा सांगलीचा, मुलगा लिटल लीगमध्ये खेळायला लागला तसा बापच जास्त बेसबॉलमय झाला आणि तिथून पुढे जुन्या कार्डांच्या नादाला लागला. त्याने स्वतःसाठी एक नियम केला. एकाच कार्डावर दोन हिटर हवेत आणि ते एकमेकांविरुद्धच्या टीममधले हवेत. एकाच टीमचे दोन स्टार चालणार नाहीत, दोन वेगळी कार्डं शेजारी ठेवून "ही बघ जोडी" असंही चालणार नाही. बजेट सहाशे डॉलर, वहिनींकडून मंजूर झालेलं, वर एक सेंट मिळणार नाही हेही ठरलेलं.

आणि पहिल्याच आठवड्यात त्याला सापडलं टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९५८ च्या सेटमधलं ४१८ नंबरचं कार्ड, 'वर्ल्ड सिरीज बॅटिंग फोज' (फोज म्हणजे शत्रू), मिकी मँटल आणि हँक ॲरन. दहापैकी ग्रेड ६ (ग्रेडिंग कंपनीने दिलेला आकडा), स्लॅबमध्ये म्हणजे प्लास्टिकच्या सीलबंद डबीत बंद, डीलर सव्वापाचशे मागत होता. मित्राने मला फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ, "घेऊ का रे?"

मी म्हटलं थांब. म्हणजे कार्ड वाईट नव्हतं, किंमतही लुटारूपणाची नव्हती, पण तो जे जमवायला निघालाय आणि डीलर ज्याचे पैसे मागतोय त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि हे समजायला आधी त्या कार्डावर नेमकं काय आहे ते बघावं लागतं.

१९५७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगच्या विजेत्यांची फायनल. एकीकडे न्यू यॉर्क यांकीज, दुसरीकडे मिलवॉकी ब्रेव्ह्ज. त्या वर्षी अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू, मँटल, ॲव्हरेज (बॅटिंगच्या संधींमागे हिटचं प्रमाण) .३६५ आणि ३४ होम रन. नॅशनल लीगचा एमव्हीपी ॲरन, ४४ होम रन आणि १३२ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन). म्हणजे दोन लीगचे दोन एमव्हीपी समोरासमोर, आणि टॉप्सने पुढच्या वर्षी त्या दोघांना एका कार्डावर घेतलं. आपल्याकडे गावस्कर आणि व्हिव्ह रिचर्ड्स दोघं एका चित्रात असते तर शाळेत त्यासाठी काय मारामाऱ्या झाल्या असत्या ते डोळ्यासमोर आणा.

आता मजा बघा. त्या सिरीजमध्ये मँटलचं काय झालं? तिसऱ्या मॅचमध्ये सेकंड बेसवर रेड शेनडीन्स्ट त्याच्या खांद्यावर पडला, खांदा दुखावला, आणि मँटल सिरीजभर १९ मध्ये ५ हिट, एक होम रन, .२६३ वर राहिला. ॲरनने २८ मध्ये ११ हिट मारले, .३९३, तीन होम रन, सात आरबीआय. ब्रेव्ह्ज ४-३ ने जिंकले, सातवी मॅच यांकी स्टेडियममध्येच, ५-० ने. सिरीजचा एमव्हीपी मात्र दोघांपैकी कोणीच नाही, पिचर लू बर्डेट, त्याने तीन कम्प्लीट गेम (अख्खी मॅच एकट्याने पिचिंग) टाकून तिन्ही जिंकल्या होत्या. कार्डावर 'बॅटिंग फोज' लिहिलंय आणि सिरीज पिचरने काढली, पण पिचरच्या कार्डासाठी कोण भांडतं.

मुद्दा हा की त्या कार्डावरची लढत ॲरनने जिंकली होती, अगदी सरळ. आणि कार्डाची किंमत ठरते मँटलवर.

किंमत मँटलची का

हे जरा लांबून सांगतो कारण सगळं प्रकरण इथेच अडकलेलं आहे. मँटलच्या नावाला बाजारात जो भाव आहे तो नुसत्या खेळाचा नाही. तो न्यू यॉर्कमध्ये खेळला, सगळ्यात मोठ्या शहरात, टीव्ही घराघरात पोचत होता त्या काळात, आणि यांकीज जवळजवळ दरवर्षी वर्ल्ड सिरीजला असायचे. त्या वेळी जी पोरं दहा-बारा वर्षांची होती ती १९८० च्या दशकात कमावती झाली आणि लहानपणी आईने फेकून दिलेली कार्डं परत विकत घ्यायला निघाली. त्यांनी काय मागितलं? मँटल. १९५२ च्या टॉप्स सेटची कहाणी तर माहीतच असेल, टॉप्सच्या साय बर्गरने सांगितलेली, की न खपलेल्या पेट्या १९६० मध्ये अटलांटिकमध्ये नेऊन बुडवल्या. त्याच सेटमधलं मँटलचं ३११ नंबरचं कार्ड, ग्रेड ९.५, ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं. लोक त्याला रुकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड म्हणतात, ते रुकी नाहीये, रुकी बोमन या दुसऱ्या कंपनीच्या १९५१ च्या सेटमधलं आहे, तरी भाव १९५२ वाल्याचाच.

ॲरन मिलवॉकीत आणि मग अटलांटात खेळला. ७५५ होम रन, मँटलचे ५३६. ८ एप्रिल १९७४ ला बेब रूथचा ७१४ चा रेकॉर्ड मोडला, आणि त्याआधीच्या काही महिन्यांत त्याला जी द्वेषाची पत्रं आली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्या काळ्या माणसाने गोऱ्या देवाचा आकडा ओलांडू नये म्हणून. कार्ड जमवणारी मंडळी हा विषय निघाला की "मार्केट साइज, मार्केट साइज" करतात. मार्केट साइज आहेच, पण फक्त तेवढंच आहे असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकून घेईन, मान्य करणार नाही.

तर ४१८ नंबरचं कार्ड बाजारात मँटलचं कार्ड म्हणून विकलं जातं ज्यावर ॲरनपण आहे. मोठ्या ग्रेडला जो वरचा पैसा लागतो तो मँटलवाले लावतात, कारण ते मँटलची सगळी कार्डं क्रमाने, जमेल तितक्या चांगल्या ग्रेडमध्ये घेत असतात. माझ्या मित्राला मँटल जमवायचाच नव्हता, त्याला लढत जमवायची होती. मग त्याने मँटलवाल्यांशी ग्रेडच्या शर्यतीत का उतरायचं?

हे मी त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अरे पण ६ म्हणजे मस्त दिसतं ना." दिसतं. पण ३ पण मस्त दिसू शकतं, आणि ही गोष्ट नवीन माणसाला पटवायला वेळ लागतो.

ग्रेड म्हणजे कार्ड किती छान दिसतंय याचा आकडा नसतो, कार्डात दोष किती आहेत याचा असतो. कॉर्नर चारही टोकदार, पण चित्र एका बाजूला सरकलेलं, डावीकडे भरपूर पांढरं आणि उजवीकडे दोरीएवढं, असं कार्ड चांगला आकडा घेऊ शकतं, कधी आकड्यापुढे ओसी लिहून येतं म्हणजे ऑफ सेंटर. उलट एखादं कार्ड एकदम मध्यावर छापलेलं, रंग ताजे, चेहरे स्वच्छ, पण कुठेतरी एक बारीक क्रीज, म्हणजे दुमडल्याची रेघ आहे जी प्रकाशात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही, ते सरळ ३ किंवा ४ वर येतं. शोकेसमध्ये समोर ठेवलं तर दहापैकी आठ जण दुसरं कार्ड उचलतील. आणि १९५८ च्या सेटमध्ये सेंटरिंग हीच मोठी डोकेदुखी आहे, त्यामुळे मी तरी आधी सेंटरिंग बघतो मग लेबल.

पर्याय काय होते

पहिला, ते ६ ग्रेडचं घ्यायचं आणि वर्षभर गप्प बसायचं. दुसरा, रॉ कार्ड म्हणजे ग्रेड न केलेलं स्वस्तात शोधायचं. तिसरा, ४१८ खालच्या ग्रेडमध्ये घ्यायचं आणि उरलेल्या पैशात त्याच नियमात बसणारी बाकीची कार्डं घ्यायची.

मित्राचा जीव दुसऱ्यात अडकला. एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी कार्ड शो होता, तिथे एका डीलरकडे रॉ ४१८ होतं, टॉप लोडरमध्ये (वरून उघडं कडक प्लास्टिकचं पाकीट), कॉर्नर असे की आत्ताच पाकिटातून काढलंय, आणि भाव अडीचशेच्या आत. डीलर म्हणत होता ग्रेडिंगला पाठवा, ७ येणार, पैसे दुप्पट. मी मनात म्हटलं दुप्पट होणार असतील तर तू का नाही पाठवलंस बाबा. हा प्रश्न दरवेळी विचारावा, मनात तरी.

१९५७ पासून टॉप्सचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच झालं, आजही तेच माप आहे. आम्ही तिथूनच एका पेटीतून १९५८ चं एक साधं, कुणाला नको असलेलं कार्ड दोन डॉलरला घेतलं आणि डीलरला विचारून दोन्ही बाहेर काढून एकावर एक ठेवली. एका लांब बाजूला ४१८ किंचित कमी भरत होतं. आता इतक्यावरून ट्रिम केलंय, म्हणजे कड कापलीय, असं म्हणता येत नाही, त्या काळात कारखान्यातच कटिंग थोडं इकडेतिकडे व्हायचं. पण मग भिंगाने कडा बघितल्या. तीन बाजू कशा साठ वर्षांच्या कागदाला शोभतील अशा, थोड्या मऊ, थोड्या पिवळट, आणि ती चौथी बाजू मात्र पांढरी, सरळ, धारदार. कॉर्नर घासले गेले की पात्याने एक केसभर कापायचं म्हणजे कॉर्नर परत टोकदार, हा जुना धंदा आहे. अशा कार्डाला ग्रेडिंग कंपनी आकडा देत नाही, ट्रिमचा संशय म्हणून परत पाठवते नाहीतर नुसतं ऑथेंटिक म्हणून स्लॅबमध्ये घालते. आम्ही थँक्यू म्हणून निघालो, वाद घातला नाही, शक्यता आहे की डीलरलाही तसंच मिळालं असेल.

स्लॅब म्हणजे देववाणी असंही नाही हां. टी२०६ या खूप जुन्या सेटमधलं होनस वॅग्नर या खेळाडूचं ते सगळ्यात गाजलेलं कार्ड, १९९१ मध्ये पीएसए या ग्रेडिंग कंपनीने सगळ्यात पहिलं ग्रेड केलेलं, ८ दिलेलं, ते आपण कापलं होतं अशी कबुली बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कोर्टात दिली. त्यामुळे स्लॅब घेताना पण सर्टिफिकेशन नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, फोटो असेल तर जुळवायचा. बनावट स्लॅबही फिरतात. पण शेकडो डॉलर लावणाऱ्या नवीन माणसाने रॉ मँटलपासून सुरुवात करू नये हे माझं ठाम मत आहे, भिंग असलं तरी.

मग तिसरा पर्याय. ४१८, ग्रेड ३, सेंटरिंग जवळपास बरोब्बर, क्रीज वरच्या कॉर्नरला, दोघांच्या चेहऱ्यांपासून लांब. दीडशेच्या थोडं वर पडलं. मित्राने पैसे दिले आणि चेहरा असा की डिस्काउंटमधली साडी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला की हे त्या ६ वाल्यापेक्षा चांगलं दिसतंय, दोन्ही फोटो शेजारी लावून. दिसत होतंच.

उरलेल्या पैशात काय आलं

इथून पुढे मला खरी मजा वाटते. नियमात बसणारी कार्डं फार नाहीयेत. टॉप्सने स्टार खेळाडू एकत्र घेतलेली कार्डं १९५७ मध्ये सुरू केली, पण ती दोन्ही, डॉजर्सच्या स्लगर्सचं आणि मँटल-बेराचं, एकाच टीमची, म्हणजे बाद. १९५८ मध्येच ४३६ नंबर आहे, 'रायव्हल फेन्स बस्टर्स', विली मेज आणि ड्यूक स्नायडर. माझ्या मते ह्या नियमाखाली येणारं सगळ्यात भारी कार्ड हे आहे, आणि ४१८ पेक्षा बरंच स्वस्त मिळतं कारण मँटल नाहीये. मेज! ६६० होम रनवाला मेज! आणि तरी.

त्या कार्डाची गंमत वर्षात आहे. मेज न्यू यॉर्क जायंट्सचा, पोलो ग्राउंड्सवर. स्नायडर ब्रुकलिन डॉजर्सचा, एबेट्स फील्डवर. यांकीजच्या मँटलला धरून एका शहरात तीन सेंटर फील्डर आणि कोण भारी यावर गल्लोगल्ली वाद. १९५७ चा सीझन संपला आणि दोन्ही टीम कॅलिफोर्नियाला गेल्या, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला, डॉजर्स लॉस एंजेलिसला. म्हणजे हे कार्ड बाजारात आलं तेव्हा ज्या शहराची ती लढत होती त्या शहरात दोघंही नव्हते. आणि 'फेन्स बस्टर' स्नायडर, १९५३ ते १९५७ सलग पाच वर्षं चाळीस किंवा जास्त होम रन मारणारा, एबेट्स फील्डवरचा शेवटचा होम रनही त्याचाच, तो लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये गेला तर तिथे राइट-सेंटरचं, म्हणजे मैदानाच्या उजव्या-मधल्या भागाचं, कुंपण ४४० फुटांवर. डावखुऱ्या हिटरची सगळी ताकद त्याच बाजूला. १९५८ मध्ये त्याचे होम रन १५. ज्या वर्षी कार्डावर कुंपण फोडणारा म्हणून छापलं त्याच वर्षी कुंपणच लांब गेलं. बाजाराला ह्याचं काही नाही. आम्हाला ते ग्रेड ५ मध्ये शंभराच्या आत मिळालं.

मग १९६० चं १६० नंबर, 'रायव्हल ऑल-स्टार्स', मँटल आणि सेंट लुईस कार्डिनल्सचा केन बॉयर. १९६० मध्ये हे जरा ओढून ताणून वाटलं असेल, दोन वेगळ्या लीगचे ऑल-स्टार, भांडण कसलं. पण चार वर्षांनी, १९६४ ची वर्ल्ड सिरीज, यांकीज विरुद्ध कार्डिनल्स. मँटलने तीन होम रन मारले. बॉयरने चौथ्या मॅचमध्ये ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असताना होम रन, एका फटक्यात चार रन) मारून मॅच फिरवली, सातव्या मॅचमध्येही होम रन, आणि त्याच मॅचमध्ये यांकीजकडून त्याचा सख्खा भाऊ क्लीट बॉयर, त्यानेही मारला. कार्डिनल्स ४-३. तो ग्रँड स्लॅम दिलेला पिचर होता अल डाउनिंग, आणि दहा वर्षांनी ॲरनचा ७१५ वा होम रन ज्याच्या बॉलवर गेला तो पिचर पण अल डाउनिंगच, तेव्हा डॉजर्सकडून. म्हणजे मित्राच्या दोन कार्डांमधून एकच बिचारा पिचर आरपार जातो, जो स्वतः एकाही कार्डावर नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हे कार्ड घ्यायला तयार झाला, तोवर "हा बॉयर कोण" चालू होतं. ४ ग्रेड, शंभराच्या खालीच.

चौथ्यावरून मात्र भांडण झालं. १९६३ चं ६८ नंबर, 'फ्रेंडली फोज', स्नायडर आणि गिल हॉजेस. दोघं ब्रुकलिनमध्ये वर्षानुवर्षं एका टीमचे. मग हॉजेस १९६२ मध्ये नव्या न्यू यॉर्क मेट्सकडे आणि स्नायडर डॉजर्सकडेच, म्हणून 'फोज'. पण १९६३ चा सीझन सुरू होता होता डॉजर्सनी स्नायडरला मेट्सला विकलं. म्हणजे कार्डावर शत्रू आणि मैदानावर परत एकाच टीमचे, काही आठवडे, मेमध्ये हॉजेस वॉशिंग्टनचा मॅनेजर होईपर्यंत. मित्र म्हणाला नियमात बसत नाही. मी म्हटलं कार्डावर बसतंय ना, छापलंय तेव्हा विरुद्ध होते. तो म्हणाला विकलं गेलं तेव्हा नव्हते. असल्या वादात वहिनी आल्या आणि त्यांनी किंमत विचारली, रॉ, वीस डॉलरच्या आत, त्या म्हणाल्या एवढ्यासाठी अर्धा तास? घेतलं.

एकूण हिशोब, शिपिंग, टॅक्स, एक भिंग आणि ते दोन डॉलरचं साधं कार्ड धरून साडेतीनशेच्या पुढेमागे. चार कार्डं, आणि बजेटमध्ये अजून पैसे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. विकायची वेळ आली तर ६ ग्रेडचं मँटल एका दिवसात जातं, ह्या चार कार्डांना चार वेगळी गिऱ्हाइकं शोधावी लागतील आणि 'फ्रेंडली फोज'ला तर कोणी विचारणारही नाही. क्रीज असलेलं कार्ड भाव चढला तरी हळू चढतं. ज्याला पाच वर्षांनी काढून टाकायचंय त्याने माझं ऐकू नये, ते ६ घ्यावं. मित्राला विकायचं नाहीये, किमान आज तरी असं म्हणतोय.

सध्या अडलंय ते १९६२ च्या १८ नंबरवर, 'मॅनेजर्स ड्रीम', मँटल आणि मेज एकत्र. ह्यात मँटलवाले आणि मेजवाले दोघंही बोली लावतात, त्यात जून २०२४ मध्ये मेज गेला तेव्हापासून त्याच्या सगळ्याच कार्डांकडे लोकांचं लक्ष वाढलंय, आणि १९६२ च्या सेटची बॉर्डर लाकडासारखी तपकिरी छापलेली, तिची कड जरा उडाली तरी पांढरं डोळ्यात खुपतं. मी म्हटलंय ४ च्या वर जायचं नाही आणि उरलेल्या बजेटच्या बाहेर जायचं नाही. दरम्यान तो रोज रात्री लिस्टिंग बघतो आणि मला १९४१ च्या प्ले बॉल सेटमधले डिमॅजिओ आणि टेड विल्यम्स पाठवतो, दोन वेगळी कार्डं, हजारांच्या घरात, त्याच्याच नियमात न बसणारी. मी काही उत्तर देत नाही, वहिनींना फॉरवर्ड करतो.